शेजारचा आवाज घरात येऊ नये म्हणून तुम्ही काय काय केलंत?

आमचा फ्लॅट पुण्यात, कर्वेनगरला. बेडरूमची भिंत शेजारच्यांच्या हॉलला लागून. काका-काकू भले आहेत, पण काकांना कमी ऐकू येतं आणि टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत चालतो. बोलून झालं. चार दिवस आवाज खाली, पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. शेवटी भिंतीवर त्या करड्या फोमच्या लाद्या चिकटवून घेतल्या. अठरा हजार गेले. खोलीत आमचाच आवाज घुमायचा तो थांबला, आणि त्यामुळे शेजारची मालिका आता शब्द न् शब्द कळते! बायको म्हणाली, पैसे अगदीच वाया नाही गेले, निदान सुनेनं घर का सोडलं ते तरी समजलं.

तर आपापले अनुभव लिहा. काय केलं, किती खर्च आला, फरक पडला का. फसलेले प्रयोग आधी. ‘घर बदला’ आणि ‘ध्यान करा’ हे दोन सल्ले मिळून झालेत.

ठाणे, चौथा मजला

आम्ही फोमच्याही खालच्या पायरीवर होतो, अंड्यांचे ट्रे लावले होते. दोन महिन्यांनी त्यात झुरळं निघाली तेव्हा आईनं सगळे ओढून काढले.

खरं कारण अपघातानंच कळलं. पंख्याचा रेग्युलेटर जळला म्हणून इलेक्ट्रिशियन आला. त्यानं मेन बंद करून स्विचबोर्डाची प्लेट काढली आणि शेजारच्या वहिनी फोनवर बोलत होत्या ते थेट बोर्डातून ऐकू यायला लागलं. भिंत चार इंची. आमचा बोर्ड आणि त्यांचा बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेला, दोन्ही डबे दोन-दोन इंच खोल. मधे उरलं काय? थोडा चुरा आणि एक पाइप. त्यानं डबा काढला, मागे सिमेंट भरलं, दोन दिवस वाळू दिलं, परत डबा बसवला आणि पाइपाच्या तोंडाशी सीलंट भरलं. बाराशे रुपये, चहा धरून. आता भांडण झालं तर भांडण आहे एवढं कळतं, कशावरून ते नाही.

नाशिक

वरच्या मजल्यावर रात्री कुणीतरी गोट्या खेळतं असं वर्षभर वाटायचं. गोट्या नव्हत्या, खुर्च्या होत्या. दिवाळीच्या फराळासोबत खुर्चीच्या पायांना लावायच्या नमद्याच्या चकत्यांचं पाकीट वर नेऊन दिलं. वहिनी आधी ओशाळल्या, मग हसल्या. खर्च दीडशे रुपये. चकल्यांचा वेगळा.

पिंपरी, इंटिरियरची कामं करतो

फोम आणि अंड्यांचे ट्रे यांवर इथेच पडदा टाकू. फोम खोलीतला आवाज शोषतो, पलीकडचा अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि फट चालत नाही. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली चार इंची विटांची भिंत साधारण 45 डेसिबल अडवते. पण भिंतीचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी सगळं मिळून 20 डेसिबलच्या आसपासच अडतं. म्हणून ठाणेकरांचे बाराशे रुपये पावले.

आधी फटी शोधा. बोर्ड, एसीच्या पाइपाचं भोक, दाराखालची फट. सगळ्यात लपलेली जागा म्हणजे भिंत वर बीमला मिळते तिथली. गवंडी शेवटचा थर घाईत उरकतो, मग पीओपीचं फॉल्स सीलिंग येतं आणि ती फट कायमची झाकली जाते. एका घरी मी तिथून हात घातला तर बोटं पार आत गेली.

एवढं करूनही आवाज येत असेल तर दुसरी भिंत उभी करायची: जुनीपासून इंचभर सोडून पत्र्याची फ्रेम, आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), वर जिप्सम बोर्डांचे दोन थर, दोन्हींचे सांधे एकमेकांवर येऊ न देता. फ्रेमखाली रबराची पट्टी. आणि सुताराच्या डोक्यावर उभं राहून बघा, ‘मजबुतीसाठी’ म्हणून तो चार स्क्रू जुन्या भिंतीत मारतोच. तिथेच सगळं काम बाराच्या भावात जातं, कारण कंपनांना परत रस्ता मिळतो. खोली चार-पाच इंचांनी लहान होते, पलंग आणि कपाट आधी मोजून घ्या.

वरून येणारी धडधड मात्र भिंतीनं थांबत नाही. ती स्लॅबमधून उतरते. मायवानच्या इमारतीत, जिथे भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे असतात, तिथे ड्रिलिंग नेमकं कुठल्या मजल्यावर चाललंय तेही कळत नाही. त्यावर उपाय वरच्यांच्या फरशीवर. म्हणजे नाशिककरांच्या चकल्या.

कोल्हापूर

आमचा शेजारी म्हणजे गच्चीवरचा पाण्याचा पंप. पहाटे पाचला अख्खी खोली गुणगुणायची. पंपाखाली जाड रबर घातलं, थोडाच फरक पडला. मग प्लंबर म्हणाला, पाइप तर भिंतीला तसाच कसलाय की! पंपाजवळ हातभर लवचिक पाइप जोडला आणि क्लँपमध्ये रबर घातलं. आता गजर लावावा लागतो.

श्टुटगार्ट

इथे गुन्हेगार मीच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर. आमच्या इमारतीत हे पाळतात म्हणजे पाळतातच. पहिल्याच महिन्यात खालच्या आजींनी दाराला चिठ्ठी लावली: रविवारी सकाळी तुम्ही भिंत फोडता का? मी खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होते. ओट्यावर, आणि ओटा भिंतीला टेकलेला. आता खलबत्त्याखाली चार घड्या घातलेला टॉवेल, तोही मांडीवर घेऊन, सोफ्यावर बसून. घरात टाचा आपटत चालायची सवय मोडायला मात्र वर्ष गेलं. लाकडी जमिनीवर ‘धप् धप्’ खाली किती जातं ते आजींनी मला त्यांच्या घरी बसवून, नवऱ्याला वर चालायला लावून ऐकवलं. केक छान होता.

डोंबिवली

शेजारी मंगल कार्यालय असेल तर खिडकी बघा. आमच्या सरकत्या खिडकीच्या रुळातून वारा यायचा, तर सनई येणारच. बाहेर उघडणारी, रबर दाबून बसणारी खिडकी केली, काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमधे प्लास्टिकचा पातळ थर असलेली. फरक चांगला, पण डीजेचा ढबढब आवाज येतोच. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. फोन केला की गाडी येते, तोवर वरात निघून गेलेली असते.

धागाकर्ता

सगळं वाचून काल रात्री मेन बंद केला आणि टॉर्च घेऊन बेडरूमचा स्विचबोर्ड उघडला. काही दिसलं नाही. वास आला. लसणाच्या फोडणीचा.

शनिवारी इलेक्ट्रिशियन येतोय. काकांनाही सांगितलं, त्यांच्या बाजूनंही बोर्ड काढावा लागेल म्हणून. म्हणाले, “हो हो, या. आम्हालाही तुमचं सगळं ऐकू येतं.”