घरातला धोंडो

माजघर:
अधिक महिना म्हणून लेक-जावई जेवायला आले होते. धोंडे तळत होते तर नात शेजारी येऊन विचारते, "आजी, पणजोबांचं नाव पण हेच ना? ते गोड होते का?" हसले खरी, पण रात्री झोप नाही.

माझे वडील, आप्पा. नाव धोंडो. त्यांच्याआधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली. चौथ्या खेपेला आजीनं बारशाला हेच नाव कानात सांगायला लावलं. धोंड्याला कोण कशाला नेईल? वर मुलगी वाटावी म्हणून नाकही टोचलं. ते भोक शेवटपर्यंत दिसायचं. लहानपणी मी त्यात खराट्याची काडी घालायला जायचे नि धपाटा खायचे. आप्पा 88 वर्षं जगले, पण पूर्ण नाव कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्या लग्नपत्रिकेतही 'डी. जी.' छापलं. तुमच्याकडे होतं का असं कुणी? लिहा.

एसटीस्टँड:
आमचे धोंडूकाका!! बदली दिल्लीला. साहेबानं "धोंडो" अशी हाक मारली की अख्खं ऑफिस टेबलाखाली बघायचं. हिंदीत काय ऐकू जातं ते सांगायला नको. कुणीतरी एकदा खरंच हरवलेली फाईल शोधून आणून दिली.

परसदार:
मेले हसून. बसमध्ये आहे, शेजारची बाई बघतेय.

बखरवेडा:
धोंडो म्हणजे गरिबाघरचं नाव असं कुणी समजू नये. 1857 चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. महर्षी कर्वे धोंडो केशव, जन्म 1858, गेले 1962 ला. 104 वर्षं! नाव फळलं की नाही?
कोंडाजीही याच गोत्रातलं. मूल मूठभर कोंड्याला शेजारणीला 'विकायचं', म्हणजे ते आपलं उरत नाही, मग आपलं नशीब त्याच्या आड येत नाही. आता 1673 मध्ये 60 माणसांनिशी पन्हाळा घेणाऱ्या कोंडाजी फर्जंदांना कुणी कोंड्याला विकलं होतं का ते विचारू नका. भिकाजी, दगडू, केरबा, नथू सगळी भावंडंच.

गोडांबा:
दादासाहेब फाळके पण धोंडिराज ना?

बखरवेडा:
धुंडिराज. ते वेगळं. काशीचा धुंडिराज गणपती. काशीखंडात त्याची व्युत्पत्ती 'शोधणे' या अर्थाच्या धातूवरून दिलीय. तेव्हा एसटीस्टँड, काकांचं ऑफिस थोडक्यात चुकलं.

एसटीस्टँड:
काका असते तर हे साहेबाला ऐकवलं असतं त्यांनी.

उंबरठा:
आजोबा केरू. सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आत्यानं "मला केरात सापडलं गं" म्हणत उचलून आणायचं असं ठरलेलं. नेमका आत्याचा बैल सुटला. ती येईतो सुपाभोवती कोंबड्या. म्हणून आजोबा कोंबडीला भ्यायचे असं आजी सांगायची. थाप असणार, चुलीवरचा रस्सा ते दोनदा घ्यायचे.

रातराणी:
लिहू की नको करत होते. माझी मावशी नकुसा. चौथी मुलगी. धोंडो ठेवलं ते पोर राहावं म्हणून. नकुसा ठेवलं ते पुढची पोर येऊ नये म्हणून. 2011 ला साताऱ्यात 285 मुलींची नावं बदलली ना, तेव्हा मावशी साठीची. पेपर वाचून म्हणाली मी ऐश्वर्या. आम्ही पण मग ऐश्वर्यामावशीच म्हणायला लागलो. रेशनकार्डावर मात्र नकुसाच.

माजघर:
रातराणी, बरं झालं लिहिलंत. मावशी आहेत ना?

रातराणी:
आहे की. गुडघे सोडले तर ठणठणीत. मालिका चालू असताना कुणी बोललेलं चालत नाही.

परसदार:
गुडघ्यांना निर्गुडीचा पाला शेकायला सांगा. आमच्या सासूबाईंना उतार पडला.

टपरीवाला:
बायकोला सातवा. सगळे अ वरून अद्वैत अन्वित आरव सुचवताहेत. वर्गात चार-चार आरव. हा धागा वाचून मी म्हटलं धोंडो ठेवू, एकमेव असेल. दोन तास झाले बोलत नाहीये.

उंबरठा:
पाळण्यात एक नि कागदावर एक ठेवा की. आमच्याकडे तेच चालायचं.

टपरीवाला:
पाळण्यातलंही सासूबाई ठरवणार आहेत म्हणे.

गोडांबा:
भाऊ, सासूबाईंना मूठभर कोंडा देऊन बघा.

काजूबी:
उशिरा आले. आमच्या कोकणात जुन्या पत्रांत दर दोन घरांआड एक धोंडो सापडतो, आता अख्ख्या वाडीत एकही नाही. पोरं जगायला लागली, देवी-गोवराच्या लसी आल्या, नाव गेलं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं की काय ते कळत नाही.

गोडांबा:
माजघर, ते धोंडे तळलेले की उकडलेले?

माजघर:
तळलेले. कणकेत जरा रवा. आप्पा शिवायचे नाहीत, "स्वतःला कोण खातं" म्हणायचे. नातीला हे सांगायचं राहिलंच. जाते, कुकरची तिसरी झाली.