मदत हवी आहे : कॅम्पिंगसाठी परवडणारा फिक्स्ड ब्लेड चाकू

रानातल्या मुक्कामात पेटवणासाठी ढलप्या काढणे, तंबूच्या खुंट्या तासणे आणि मनगटाएवढे जाड लाकूड चाकूच्या पाठीवर दांडक्याने ठोकून चिरणे, एवढ्या कामांसाठी मला कमी खर्चातला एकच फिक्स्ड ब्लेड (पात्याची घडी न होणारा) चाकू घ्यायचा आहे. घडीचा चाकू वापरून पाहिला, पण ठोकल्यावर त्याचा सांधा सैल झाला. स्वयंपाकघरातल्या सुरीचे पाते तर लाकडात अडकून वाकले.

मोराक्निव्ह या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन हा चाकू (पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब, २.५ मिलिमीटर जाड) हाताळला आणि त्याची मूठ मनापासून आवडली, मात्र त्याचे पाते मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, हीच माझी मुख्य शंका आहे. त्याच्या हेवी ड्यूटी प्रकाराची जाडी ३.२ मिलिमीटर आहे, परंतु त्याने बारीक तासकाम अवघड होईल असे वाटते.

कार्बन पोलादाला धार लवकर लागते हे ठाऊक आहे, तरी माझे मुक्काम बहुधा दमट हवेत होत असल्याने स्टेनलेसकडे कल आहे. कुऱ्हाड किंवा करवत सोबत नसेल आणि धारेसाठी खिशात मावणारा दगडच असेल.

अशा वापरात २.५ मिलिमीटरचे पाते वर्षानुवर्षे टिकल्याचा कोणाचा अनुभव आहे का, की फुल टँग (पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या) चाकूसाठी थोडे थांबून पैसे साठवणेच योग्य ठरेल?