पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आणि रिपोर्टातली ती एक ओळ

अनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत, धड दोष नाही पण सगळं ठीकही नाही असं काही निघालं होतं का? रिपोर्टात काय होतं, पुढं काय केलं, ते लिहा. दवाखान्याचं नाव नको. मुलगा की मुलगी याच्या खाणाखुणाही नकोत.

लातूर
हृदयाच्या डाव्या कप्प्यात पांढरा ठिपका. बाहेर आले तर सासूबाई दारातच, ‘काय म्हणायलेत गं डॉक्टर?’ मी म्हणलं, हृदयात काहीतरी दिसतंय. झालं! संध्याकाळपर्यंत औशाच्या मावशींकडं ‘लेकराच्या हृदयाला छिद्र’ अशी बातमी. दुसऱ्या दिवशी मॅडमनी रिपोर्ट ओळीनं वाचून दाखवला. चारही कप्पे नीट, मानेमागची घडी नीट, नाकाचं हाड दिसतंय, तिसऱ्या महिन्यातली डबल मार्कर रक्ततपासणी लो रिस्क. ठिपका म्हणजे झडपेच्या स्नायूत साठलेलं कॅल्शियम, त्यानं हृदयाचं काम अडत नाही. सोबत दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पुढची तपासणी नाही सांगितली. घरच्यांना पटायला मात्र बाळंतपण व्हावं लागलं.

परभणी
डाव्या किडनीत पाणी, ५ मिमी. बत्तिसाव्या आठवड्यात ८. जन्मल्यावर लगेच नाही, दोन दिवस उलटल्यावर सोनोग्राफी केली, कारण पहिल्या दिवशी लघवी कमी असते आणि सूज लपते म्हणे. अजून दाखवायला जातोच आहोत.

नांदेड
वरचे वाचून कुणी निर्धास्त होऊ नये म्हणून लिहिते. मेंदूत पाण्याची गाठ होती, जी एकटी असली तर बहुतेकदा आपोआप जाते. आमच्या बाळाच्या मुठी उघडतच नव्हत्या आणि वाढही मागं होती. गर्भजल तपासणीत अठरावं गुणसूत्र जादा निघालं. रिपोर्टाची वाट बघताना आठवडे मोजत होतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला बदल झालाय, २४ आठवड्यांपुढं गंभीर दोषासाठी मेडिकल बोर्डाकडं जावं लागतं. आमचं त्याआधी झालं. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

माजलगाव, आशाताई
आमच्याकडं वेगळीच गत. ‘वार (प्लासेंटा) खाली आहे, सहा आठवड्यांनी परत या’ असं लिहिलेलं असतं आणि बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली. वार खाली असल्याचं तिकडच्या डॉक्टरला कळणार कसं? बहुतेकींची वार पोट वाढेल तशी वर सरकते, पण एखादीची नाही सरकत, आणि तिला अंगावरून जायला लागलं की धावपळ. मी आता फाईल गाठोड्यातच बांधायला लावते. मुकादमाचा नंबरही घेऊन ठेवते.

हिंगोली
काल नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या निघाल्या. बाकी सगळं नॉर्मल. बाळाच्या हृदयाचा इको, म्हणजे फक्त हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलाय. कुणाला होतं का असं?

जालना
माझ्या बहिणीला होतं. इको चांगला आला, नंतर वाढ बघायला सोनोग्राफी मात्र जास्त वेळा झाली. NT स्कॅनसकट (तिसऱ्या महिन्यातली मानेमागची सोनोग्राफी) सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या, तिथं मागतात.