काहीच नसेल, तर लाट कशात उठते?

खडूची धूळ:
आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे, त्यामुळे नववीच्या वर्गात तो विषय अधूनमधून निघतोच. गेल्या आठवड्यात मी फळ्यावर या वेधशाळेत लेसरचा प्रकाश ज्यांतून धावतो त्या काटकोनातल्या दोन नळ्या काढल्या, प्रत्येकीची लांबी ४ किलोमीटर असे लिहिले आणि सांगितले की यांतील हवा संपूर्ण उपसली की आत उरते ती पोकळी, म्हणजे काहीच नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच विचारले, ‘‘सर, काहीच नाही, तर मग लाट कशात उठते?’’ पाण्याची लाट पाण्यात आणि आवाजाची हवेत, हे मीच त्यांना शिकवले असल्यामुळे माझी पंचाईत झाली. रिकामी जागा खरोखर काहीच नसते, की तीही कशाची तरी बनलेली असते? कृपया गणिताच्या आड न लपता सांगावे.

गळतीशोधक:
निर्वात यंत्रणा बसवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि ‘संपूर्ण’ या शब्दालाच माझी पहिली हरकत आहे. पंप कितीही चांगला असला तरी पोलादाच्या भिंतीला चिकटलेले पाणी महिनोन्‌महिने सुटत राहते. म्हणून पंप चालू ठेवून नळी कित्येक दिवस चांगली तापवावी लागते, ज्याला आम्ही सरळ ‘बेक करणे’ म्हणतो, आणि आतल्या पृष्ठभागाला चुकून उघडे बोट लागले तर त्या ठशातून सुटणारी वाफही पुढे त्रास देते. अमेरिकेतील लायगोच्या नळ्यांमध्ये एवढ्या खटाटोपानंतर दाब वातावरणाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागावर आणला गेला आहे, तरीही दर घन सेंटिमीटरमध्ये दोन-तीन कोटी रेणू शिल्लक असतातच.

समजा, तेही काढले. नळीची भिंत खोलीइतकी उबदार आहे, म्हणजे ती उष्णतेचे किरण सोडणारच. हिशेब केला तर त्याच एका घन सेंटिमीटरमध्ये ५० कोटींहून अधिक फोटॉन, म्हणजे प्रारणाचे कण, भरतात, म्हणजे उरलेल्या रेणूंपेक्षा कितीतरी जास्त! भिंत थंड करत नेली तर तेही घटतील. ताऱ्यांमधल्या दूरच्या अवकाशातही विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचे सुमारे ४११ फोटॉन दर घन सेंटिमीटरमध्ये असतात. त्यापुढचे भौतिकशास्त्रज्ञांनी सांगावे, माझा पंप तिथे थांबतो.

भूतल:
एक लहानशी भर. न्याय आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानला, मात्र ‘भूतलावर घट नाही’ (जमिनीवर घडा नाही) या त्यांच्या ठरलेल्या उदाहरणाप्रमाणे अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. त्यामुळे ‘पोकळी’ म्हटले की ‘कशाची?’ हे विचारावेच लागते. यावरून पूर्वजांना क्वांटम सिद्धांत ठाऊक होता असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. शब्द हा आकाशाचा गुण आहे, असेही त्यांनीच सांगितले होते, आणि हवा उपसलेल्या हंडीतली घंटा ऐकू येत नाही.

अर्धा क्वांटम:
‘कशाची?’ हाच धागा पुढे नेतो. रेणू गेले, फोटॉनही गेले, तरी विद्युतचुंबकीय क्षेत्र उपसून टाकता येत नाही. फोटॉन हे त्या क्षेत्राचेच स्पंदन असल्यामुळे ते काढणे म्हणजे क्षेत्राला शक्य तितके शांत करणे एवढेच होते. आणि ते पूर्ण निश्चल कधीच होत नाही, कारण तसे झाल्यास त्याचे मूल्य आणि त्या मूल्याच्या बदलाचा वेग, दोन्ही एकाच वेळी नेमके शून्य ठरतील, जे अनिश्चिततेच्या तत्त्वाला मान्य नाही. ‘पोकळीत कण क्षणभर उगवतात आणि मावळतात’ हे लोकप्रिय वर्णन मात्र मला दिशाभूल करणारे वाटते. निर्वात अवस्था काळानुसार बदलत नाही, तिथे काही उकळत नाही. क्षेत्र मोजायला गेलो तर सरासरी शून्य येते, परंतु एकेक मोजणी शून्य येत नाही, इतकाच त्याचा नेमका अर्थ आहे.

या अस्थिरतेची खूण लँब आणि रेदरफर्ड यांना १९४७ साली हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांमधील बारीक फरकात सापडली. त्याच्या पुढच्याच वर्षी कॅसिमिर यांनी पोकळीत जवळजवळ ठेवलेले दोन धातूचे पत्रे एकमेकांकडे ओढले जातील असे गणिताने दाखवले, आणि पुढे ते बल मोजलेही गेले. तथापि तेच बल पत्र्यांतील विद्युतभारांच्या परस्परक्रियेतूनही काढता येते, त्यामुळे तो पोकळीच्या ऊर्जेचा निर्विवाद पुरावा समजू नये.

माझ्या मते सरांना सर्वांत उपयोगी पडेल असे उदाहरण त्यांच्या फळ्यावरच आहे. लायगोमध्ये दोन नळ्यांतून परतलेला लेसरचा प्रकाश जिथे एकमेकाला जवळपास खोडून काढतो, तिथे संवेदक बसवलेला असतो. संवेदकाकडच्या त्या तोंडातून प्रकाश बाहेर येतो, तसा उलट दिशेने आत शिरतो तो निव्वळ अंधार; आणि केव्ह्‌ज यांनी १९८१ साली दाखवले की मोजमापातील क्वांटम खरखर या आत शिरणाऱ्या अंधारातूनच येते. ती नाहीशी करता येत नाही, पण फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो, तशी ती हलवता येते: ज्या राशीत लहरीचा संकेत असतो तिच्यातील अनिश्चितता कमी करायची आणि जोडीच्या राशीतील वाढू द्यायची. असा ‘दाबलेला निर्वात’ २०१९ पासून लायगोत नियमितपणे सोडला जातो आणि त्यामुळे अधिक दूरच्या घटना टिपता येतात. ज्याच्यात फेरफार केला की यंत्र सुधारते, त्याला ‘काहीच नाही’ म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

आता मुलीचा प्रश्न. गुरुत्वीय लहर त्या क्षेत्रातही उठत नाही आणि उरलेल्या रेणूंतही नाही. नळीच्या दोन टोकांना टांगलेल्या आरशांमधले अंतरच कमी-जास्त होते. अशी लहर पहिल्यांदा टिपली गेली त्या दिवशी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, ४ किलोमीटरमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता. ती लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकत्र आल्याने निघाली आणि त्या घटनेत तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडली. तेव्हा अवकाशाला आपण नुसती रिकामी खोली समजतो, ती चूक आहे. खोलीच्या भिंतीही थरथरतात.

खडूची धूळ:
मनःपूर्वक आभार. परंतु आमच्या जुन्या पुस्तकांतला ईथर, म्हणजे प्रकाशाची लाट ज्यात उठते असे मानलेले सर्वव्यापी माध्यम, तो हाच का? तो तर कधीच निकालात निघाला होता.

अर्धा क्वांटम:
रास्त शंका. ईथर निकालात निघाला तो ‘काहीतरी आहे’ या म्हणण्यापायी नव्हे, तर ‘त्याला स्वतःची स्थिर अवस्था आहे’ या म्हणण्यापायी. आइन्स्टाइन यांनी स्वतः १९२० साली लायडनच्या व्याख्यानात म्हटले होते की सामान्य सापेक्षतेनुसार (त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार) अवकाशाला भौतिक गुणधर्म आहेत आणि त्या अर्थाने ईथर आहेच, मात्र त्याला गतीची कल्पना लावता येत नाही. हवेतून सायकल चालवली की वारा तोंडावर येतो, तसा ईथरचा वारा मायकेल्सन आणि मोर्ली यांनी १८८७ साली शोधला आणि तो सापडला नाही. निर्वाताच्या बाबतीत तो सापडणारही नाही, कारण एकसमान वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला तो अगदी सारखाच दिसतो: पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते, जानेवारीत एका दिशेला आणि जुलैत जवळपास उलट दिशेला, तरी दोन्ही वेळा नळीतली खरखर तीच असते.