मदत हवी आहे : इमारतीच्या दुरुस्तीचे वेळापत्रक कोलमडले आहे

मुलुंडचा_सचिव
आमच्या सोसायटीच्या इमारतीची मोठी दुरुस्ती दिवाळीनंतर सुरू झाली. कंत्राटदाराचे वेळापत्रक सल्लागार अभियंत्यांनी तपासले होते आणि मेअखेर रंगकामासह सर्व संपणार होते. एप्रिल सरत आला तरी मागच्या दोन बाजूंचे प्लास्टरही झालेले नाही, आणि सभासद जाब मला विचारतात. वेळापत्रक फसते कुठे आणि आता काय करावे, हे कृपया लवकर सांगावे.

पार्लेकर_काका
कंत्राट आयटम-रेटवर, म्हणजे झालेल्या कामाच्या मापाप्रमाणे, आहे की ठोक रकमेवर? कामाची परिमाणे कशावरून धरली? जादा कामाला मंजुरी कोण देते? एवढे कळल्याशिवाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

पवई_आयटी
माणसे दुप्पट करा आणि दर सोमवारी कामांचा तक्ता लावा. आमच्याकडे असेच चालते.

निवृत्त_साइट_इंजिनिअर
तुमच्याच क्षेत्रातल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले आहे की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो. इथे तर सैल काँक्रीट फोडणे, सळईचा गंज काढणे, पॉलिमर मॉर्टर भरणे, त्यावर पाणी मारणे आणि मगच प्लास्टर, असा क्रम आहे. गवंडी दुप्पट केल्याने मॉर्टर लवकर पक्के होत नाही.

घाटकोपर_९१
पुनर्विकासाला का जात नाही?

निवृत्त_साइट_इंजिनिअर
तो प्रश्न कोणी विचारलेला नाही.

मुलुंडचा_सचिव
कंत्राट आयटम-रेटवर आहे. परिमाणे इमारतीच्या तपासणीच्या (ऑडिटच्या) वेळी हातोडीने ठोकून अंदाजाने धरली होती. प्लास्टर फोडल्यावर खराब कॉलम पुष्कळ जास्त निघाले. प्रत्येक जादा कामासाठी विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तोवर कामगार दुसऱ्या साइटवर जातात.

पार्लेकर_काका
हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची सूचना लागते, शिवाय गणसंख्या भरली पाहिजे; म्हणजे तुमच्या वेळापत्रकात निर्णयाचे दिवस कोणी धरलेच नव्हते. आता एकाच सभेत ठराव करून घ्या की ठरावीक टक्क्यांपर्यंतची वाढ सल्लागाराच्या मोजमापपत्रकावर समितीने मंजूर करावी आणि त्यावरची वाढच सभेपुढे यावी.

दादरचा_वाचक
याला मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनातला भ्रम म्हटले. माणूस स्वतःच्या योजनेतले टप्पे मोजतो, तशाच इतर कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला हे पाहत नाही. आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००४ पर्यंत व्हायचा होता, तो २००९ मध्ये खुला झाला. तेव्हा शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांची अंतिम बिले आणि तारखा मागवा, कंत्राटदाराचा तक्ता बाजूला ठेवा.

निवृत्त_साइट_इंजिनिअर
पुढच्या वेळी उपयोगी आहे, आज नाही. आज जी बाजू उघडी आहे ती पावसाआधी प्लास्टरपर्यंत न्या, चौथी बाजू फोडूच नका, टेकू लागणारे कॉलम मात्र आत्ताच घ्या, आणि रंगकाम सरळ ऑक्टोबरनंतर टाका. नवीन वेळापत्रक कंत्राटदाराकडून लेखी घ्या, आणि रिटेन्शनची, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली, रक्कम त्यातल्या टप्प्यांना जोडा.

मुलुंडचा_सचिव
चौथी बाजू कालच फोडायला घेतली आहे. आज संध्याकाळी सल्लागारांना बोलावतो. तिथले काम थांबवायचे तर उघड्या सळयांचे पावसात काय करावे?

निवृत्त_साइट_इंजिनिअर
थांबवू नका मग. जेवढी फोडली तेवढीच बंद करा. गंज काढून सळईला गंजरोधक लेप द्या आणि मॉर्टर भरून घ्या.