पाकातल्या पेअरच्या एका बरणीचं झाकण फुगलंय, बाकीच्या ठेवू का?

नवशिकी:
यंदा पहिल्यांदाच पेअर पाकात घालून बरण्या भरल्या. फोडी पाकात पाच मिनिटं उकळल्या, गरम बरण्यांत भरल्या, झाकणं घट्ट लावून उलट्या करून ठेवल्या, सकाळी झाकणं मस्त आत ओढली गेलेली म्हणून कपाटात ठेवून दिल्या. आता तीन आठवड्यांनी बघते तर एकीचं झाकण वर आलंय, बोटाने दाबलं की टक् टक् वाजतं, पाक गढूळ झालाय आणि बारीक बुडबुडे दिसतायत. बाकीच्या पाच ठीक वाटतायत, फक्त फोडी सगळ्या वर तरंगतायत. साखर तर भरपूर घातली होती हो! काय करू?

झाकणबहाद्दर:
फुगलेली उघडू नकोस, चाखायचं तर नावच नको. पिशवीत बांधून मुलं-जनावरं पोचणार नाहीत अशी टाक. आणि बाकीच्या पाचही टाक, जिवावर येईल माहितीये, माझ्या अकरा गेल्या होत्या एकदा. झाकण आत ओढलं म्हणजे सील लागलं एवढंच, आतलं सगळं मेलं असं नाही. भरलेल्या बरण्या झाकणासकट परत उकळत्या पाण्यात ठेवायच्या असतात, पाणी झाकणांच्या वर निदान इंचभर. पेअर गरम भरले असतील तर अर्ध्या लिटरच्या बरणीला २० मिनिटं, आणि घड्याळ पाणी खळखळायला लागल्यावर लावायचं, आधी नाही. ३०० मीटरच्या वर राहत असशील तर २५, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. पाकातल्या साखरेने रंग नि चव टिकते, बाकी काही नाही.

चालतंय_की:
उगाच घाबरवताय तिला. आमच्याकडे वर्षानुवर्षं उलट्याच ठेवतात, कोणाला काही झालेलं नाही.

आंबटगोड:
दादा, झालं नाही कारण फळ आंबट होतं, बरणी उलटी होती म्हणून नव्हे. बोटुलिझम म्हणजे बंद डब्यातल्या अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, तिच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, पण पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली वाढतही नाहीत, म्हणून फळांना उकळतं पाणी पुरतं आणि भाज्यांना प्रेशर कॅनरच (वाफेच्या दाबाने उकळत्या पाण्याहून जास्त तापवणारं भांडं) लागतो. टोमॅटो, अंजीर, ते गोल कुरकुरीत आशियाई पेअर, हे सगळे ४.६ च्या काठावरचे. त्यात अर्ध्या लिटरला एक टेबलस्पून लिंबाचा रस घालायचाच, तोही बाटलीतला, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा प्रत्येकाचा वेगळा. आणि वर बुरशी दिसली तर तेवढी काढून खाली खाऊ नका, बुरशीमुळे आम्ल कमी होतं आणि मग ४.६ चा भरवसा राहत नाही.

नवशिकी:
टाकल्या सहाच्या सहा 😞 पण फोडी तरंगतात ते का?

झाकणबहाद्दर:
फोडीतली हवा, दुसरं काही नाही, सील नीट असेल तर त्याने खराब होत नाही. पुढच्या वेळी जरा दाबून भर, वर अर्धा इंच जागा सोड, चपटी लाकडी पट्टी कडेने फिरवून बुडबुडे काढ आणि बरणीचा काठ ओल्या फडक्याने पुस. पाकाचा एक थेंब काठावर राहिला तरी सील धरत नाही. झाकण दोन भागांचं असेल, चपटी चकती आणि ती धरणारी बाहेरची रिंग, तर चकती दरवेळी नवी घ्यायची. बरण्या दिवसभर गार झाल्या की बाहेरची रिंग काढूनच कपाटात ठेव, नाहीतर सैल झालेलं झाकण तिच्याखाली दडून बसतं आणि कळत नाही.