एकिडना हा आपल्या साळिंदराचा भाऊबंद का? रानात शोधायचा कसा?

कृष्णाकाठ (सांगली): येत्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात कांगारू बेटावर जायचं ठरतंय. एकिडना हा तिथला काटेरी प्राणी पिंजऱ्यात नको, रानातच बघायचाय. अंडी घालतो आणि पिल्लाला दूधही पाजतो म्हणे. पाटण-कोयनेकडे काटे टाकून जाणारं आपलं साळिंदर त्याच्याच जातीतलं का?

डोंगरवाट (सातारा): अजिबात नाही. साळिंदर उंदराच्या गणातलं, कुरतडणारं; एकिडनाला दातच नसतात. खाण्यापिण्यात तो खवल्या मांजरासारखा: मुंग्या, वाळवी आणि १८ सेंमीपर्यंत बाहेर येणारी चिकट जीभ. पण नातं त्याच्याशीही नाही. अंडी घालणारे सस्तन आज दोनच उरलेत, एकिडना आणि बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस.

जनावर शोधू नका, खुणा शोधा. फोडलेलं वारूळ, उचकटलेला कुजका ओंडका, ओल्या मातीत नाक खुपसून झालेली नरसाळ्यासारखी भोकं. लेंडी बोटाएवढी लांब. काडीने मोडली की आत माती आणि मुंग्यांच्या कवचांचा चमकणारा चुरा. माग काढताना मात्र फसाल, कारण मागच्या पायाची नखं मागे वळलेली असतात. ऑगस्टमध्ये तिथे थंडी असते, त्यामुळे तो दिवसाही हिंडतो. त्याला घाम येत नाही, धापही टाकता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडतो.

वारूळ (कराड): ऑगस्ट म्हणजे त्यांचा विणीचा हंगाम. एका मादीमागे नरांची रांग लागते, कधी कधी दहादेखील. दिसली तर आडवं जाऊ नका, आहात तिथेच बसा. पावलांचा हादरा त्यांना लगेच जाणवतो.

मादी एकच अंडं घालते, तेही थेट पोटावरच्या पिशवीत. कवच चामड्यासारखं मऊ, आकार जेमतेम दीड सेंमी. दहा दिवसांत पिल्लू बाहेर. आईला स्तनाग्रं नाहीत, पिशवीतल्या दोन जागी कातडीतून दूध पाझरतं ते पिल्लू चाटतं. साधारण पन्नास दिवसांनी काटे फुटायला लागले की आई त्याला बिळात ठेवते, बिळाचं तोंड मातीने बुजवते आणि पाच-सहा दिवसांनी पाजायला येते. हे ठाऊक नसल्याने लोक एकटं पिल्लू अनाथ समजून उचलतात. कृपा करून तसं करू नका.

कृष्णाकाठ: आणि गाडीसमोर रस्त्यातच बसला तर?

डोंगरवाट: थांबा, त्याला जाऊ द्या. ओढलात तर काटे उभारून जागीच रुतेल. फावड्याने तर मुळीच उचकटू नका, चोचीसारखं नाजूक नाक मोडतं. जखमी असेल तर नेमकी जागा टिपून तिथल्या वन्यजीव बचाव पथकाला कळवा. मादी असली तर तिचं पिल्लू जवळच्याच बिळात वाट बघत असू शकतं, म्हणून बरी झाल्यावर तिला तिथेच सोडावं लागतं.